गप्प समाकल: दुहेरी खळग्याभोवतीचा एक वेढा आणि मोनोड्रोमीचे अनुत्तरित प्रश्न

शेजारी शेजारी दोन खळगे, मध्ये एक छोटा उंचवटा, आणि त्यांतून घरंगळणारी एक गोटी. गोटीचे स्थान क्ष आणि वेगाचे माप य धरू. गतीचे नियम दोन ओळींत लिहिता येतात: क्ष बदलण्याचा दर २य, आणि य बदलण्याचा दर −४क्ष(क्ष² − १). घर्षण नाही. त्यामुळे ह = य² + (क्ष² − १)² ही राशी गोटीच्या सगळ्या प्रवासात जशीच्या तशी राहते. तिला ऊर्जा म्हणू, आणि तिची किंमत त या अक्षराने दाखवू.

प्रतलावर याचे चित्र ओळखीचे आहे. क्ष = १ आणि क्ष = −१ येथे दोन केंद्रे, आरंभबिंदूवर खोगीर बिंदू, आणि त = १ या पातळीवर त्या खोगिरातून जाणारा, आडवा पडलेला इंग्रजी आठचा आकडा. त ची किंमत ० आणि १ यांच्या मध्ये असेल तर गोटी एकाच खळग्यात फिरते. १ पेक्षा जास्त असेल तर ती दोन्ही खळगे ओलांडून मोठा फेरा मारते. म्हणजे बंद वाटांची तीन कुटुंबे झाली: उजव्या डोळ्यातली, डाव्या डोळ्यातली आणि बाहेरची.

आता या प्रणालीला अगदी थोडा धक्का द्यायचा. य च्या समीकरणात −ल·क्ष·य हे पद मिळवायचे. ल ही लहान धन संख्या. उजवीकडे क्ष धन असल्यामुळे हे पद घर्षणाचे काम करते, डावीकडे ते उलटे होऊन गोटीला ढकलते. प्रश्न असा: मुळातल्या बंद वाटांपैकी कोणत्या टिकतील?

पहिला हिशोब ऊर्जेचा. एका फेरीत ऊर्जा किती बदलली हे पहिल्या पायरीपर्यंत ल गुणिले एका समाकलाएवढे असते: मूळ बंद वाटेवर क्ष·य या फलाचे क्ष च्या सापेक्ष समाकल. प्वांकारेपासून चालत आलेली ही पद्धत पोंत्र्यागिन यांनी १९३४ मध्ये लिमिट सायकल शोधण्यासाठी पक्की केली. हे समाकल एखाद्या पातळीवर शून्य होऊन चिन्ह बदलत असेल तर तिथे एक लिमिट सायकल जन्मते, म्हणजे शेजारच्या वाटांपासून सुटी पडलेली एकटी बंद वाट.

उजव्या डोळ्यात हे समाकल काढायला कष्ट नाहीत. उ = क्ष² − १ असे नवे चल घ्या. पातळी उ² + य² = त, म्हणजे साधे वर्तुळ होते, आणि समाकल त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या निम्मे: πत/२. शून्य फक्त केंद्रावर. उजवीकडे प्रत्येक फेरीत ऊर्जा साधारण ल·πत/२ इतकी घटते, डावीकडे तितकीच वाढते. उजवे केंद्र आत ओढणारा भोवरा होते, डावे बाहेर फेकणारा. दोन्ही डोळ्यांत एकही बंद वाट उरत नाही.

बाहेरच्या मोठ्या फेऱ्यावर मात्र तेच समाकल शून्य येते. एखाद्या पातळीवर नाही, १ च्या पुढच्या प्रत्येक पातळीवर. डाव्या अर्ध्याने उजव्या अर्ध्याचा हिशोब चुकता केला. या प्रकरणाचा सगळा जीव या शून्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शून्य कशामुळे आले?

समाकल सर्वत्र शून्य निघाले की पहिल्या पायरीचा हिशोब काहीच सांगत नाही. ल² ची पायरी पाहावी लागते, ती गप्प असेल, म्हणजे तीही सर्वत्र शून्य असेल, तर ल³ ची. ही चढण किती लांब आहे हे आधी ठाऊक नसते. विद्यार्थी इथे बहुधा म्हणतात, «सममितीमुळे शून्य आले, पुढे चला.» मला वाटते पुढे जाण्याआधी त्या सममितीला नीट विचारून घ्यावे, कारण आपल्या उदाहरणात ती सगळ्या पायऱ्यांचे उत्तर एकदम देते.

पुन्हा उ चे चल घ्या. धक्का दिलेली प्रणालीही क्ष² आणि य यांतच लिहिता येते. वेळेचे माप बदलले की उ–य प्रतलावर ती रेषीय प्रणाली होते: उ चा दर २य, य चा दर −२उ − ल·य/२. ल ची किंमत ८ पेक्षा कमी असेपर्यंत हा आत ओढणारा भोवरा आहे. मूळ क्ष–य प्रतल या नव्या प्रतलाच्या उ ≥ −१ या अर्ध्या भागावर घडी घालून बसवले आहे. कागद मध्यावर दुमडावा तसे. घडीची रेघ उ = −१, म्हणजे मुळातली क्ष = ० ही रेघ.

आता घडीवरच्या एका बिंदूपासून निघा, य धन आणि पुरेसा मोठा घ्या. रेषीय भोवऱ्याची वाट उजवीकडे वळते, खाली येते आणि पुन्हा घडीच्या रेघेला टेकते. आधीपेक्षा थोडी कमी उंची राखून, पण टेकते. घडी उघडली की या एकाच कमानीच्या दोन प्रती होतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि दोन्ही टोकांना जुळलेल्या. बंद वाट तयार झाली. ल कितीही असो (८ च्या आत), बाहेरच्या वाटा बंदच राहतात. पहिलीच काय, प्रत्येक पायरीचे समाकल तिथे शून्य आहे.

निघतानाची उंची कमी असेल तर कमान घडीपर्यंत परत येतच नाही, उजव्या भोवऱ्यात विरते. तिची डावी प्रत काळाच्या उलट दिशेने डाव्या भोवऱ्यात पोचते. म्हणजे डाव्या भोवऱ्यातून निघालेल्या वाटा उजव्या भोवऱ्यात जाऊन मिळतात. या दोन वागण्यांच्या सीमेवर नेमकी एक वाट आहे. तिची कमान घडीच्या रेघेला (−१, ०) येथे, म्हणजे खोगिरापाशी, स्पर्श करते. आठचा आकडा मोडला, पण खोगिरातून निघून खोगिरातच परतणारा एक मोठा फास शिल्लक राहिला. एकाच प्रतलावर बाहेर केंद्रासारखे वागणे आणि आत दोन विरुद्ध भोवरे, आणि तेही वहीच्या अर्ध्या पानात पडताळून पाहता येण्याजोगे: मी पाहिलेल्या उदाहरणांत हे मला फार प्रिय आहे.

मोनोड्रोमी इथे काय पाहते

वरचे स्पष्टीकरण घडी डोळ्यांना दिसली म्हणून जमले. घडी दिसत नसेल तेव्हा काय करायचे? यासाठी त ला संमिश्र संख्या होऊ द्यावे लागते.

त संमिश्र असेल तर य² + (क्ष² − १)² = त हे वक्र म्हणजे मेदूवड्यासारखे, पण दोन बिंदू वगळलेले पृष्ठ आहे. त्यावरच्या स्वतंत्र वेढ्यांची, म्हणजे बंद फेऱ्यांची, संख्या ३. एक उजवा वेढा, जो त = ० ला उजव्या केंद्रावर मिटतो. एक डावा, जो तिथेच डाव्या केंद्रावर मिटतो. तिसरा मधला; तो त = १ ला खोगिरावर मिटतो आणि वास्तव चित्रात तो दिसत नाही. त ला ० किंवा १ भोवती एक प्रदक्षिणा घालून मूळ जागी आणले तर वेढे जागचे हलतात. या हलण्याला मोनोड्रोमी म्हणतात, आणि ते किती हलतात हे पिकार आणि लेफशेत्झ यांच्या सूत्रातून मिळते.

१ भोवती फिरल्यास उजव्या वेढ्यात मधला मिसळतो, आणि डाव्यातही. ० भोवती फिरल्यास मधल्यात उजवा आणि डावा दोन्ही एकदम मिसळतात. एकदम, कारण दोन्ही केंद्रांची पातळी एकच आहे. त्यांना वेगळे फिरवण्याची सोय या हॅमिल्टोनियनमध्ये, म्हणजे ह या ऊर्जेच्या राशीत, नाही.

आता उजव्या वेढ्यापासून सुरुवात करा. पहिल्या प्रदक्षिणेत मधला हाती लागतो. मधल्याला ० भोवती फिरवले की उजवा आणि डावा यांची बेरीज मिळते, आणि उजवा आधीच हाती असल्यामुळे डावाही सुटा होतो. तीनही मिळाले. म्हणून उजव्या डोळ्यात एखादे बहुपदी समाकल सर्वत्र शून्य असेल तर ते तीनही वेढ्यांवर शून्य असायलाच हवे, आणि तसे झाले की ते क्षुल्लक असते: पूर्ण अवकलाचा एक भाग, ऊर्जेच्या अवकलाचा एक भाग, बाकी काही नाही.

बाहेरच्या वेढ्यापासून सुरुवात केली तर गोष्ट अडते. त्याला १ भोवती फिरवल्यास मधला दोनदा मिसळतो, आणि मधल्यातून उजवा अधिक डावा ही बेरीज येते. पण बेरीजच येते. उजवा एकटा कधीही वेगळा होत नाही. तीनपैकी दोनच दिशा हाती लागतात, आणि हरवलेली तिसरी दिशा म्हणजे नेमका उजवा वजा डावा. आपले क्ष·य चे समाकल फक्त त्या हरवलेल्या दिशेलाच बोलते. घडीतून मिळालेले कारण आणि मोनोड्रोमीची उणीव ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत.

याचा हिशोबाला थेट उपयोग आहे. (अ + ब·क्ष²)·य या सम पदाचा धक्का दिला तर दोन समाकले येतात: क्ष²·य चे आणि नुसत्या य चे. त्यांचे गुणोत्तर केंद्रावर १ असते. आठच्या आकड्यावर ते ४/५ होते. वर्गमुळातला एक साधा समाकल सोडवून हे कोणीही पडताळून पाहावे. बाहेर पडल्यावर ते आणखी उतरून सुमारे ०.७५२ ला तळ गाठते आणि मग चढतच जाते. म्हणून −अ/ब ही किंमत ०.७५२ आणि ०.८ यांच्या मध्ये ठेवली की बाहेर दोन लिमिट सायकल एकमेकींच्या भोवती मिळतात, ०.८ आणि १ यांच्या मध्ये ठेवली की बाहेर एक आणि प्रत्येक डोळ्यात एक. आता यात क्ष·य चे पद मिळवा. बाहेरचा पहिल्या पायरीचा हिशोब कणभरही बदलत नाही, डोळ्यांतला मात्र डावा-उजवा भेद होऊन बदलतो. गप्प समाकल म्हणजे निरुपयोगी पद असे समजणारा इथे चुकतो.

मोठ्या प्रश्नात याची जागा

हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये मांडलेल्या यादीतल्या सोळाव्या प्रश्नाचा दुसरा भाग विचारतो: प्रतलावरच्या न घाताच्या बहुपदी प्रणालीला जास्तीत जास्त किती लिमिट सायकल असू शकतात? न = २ साठीही हा आकडा मर्यादित आहे की नाही हे आजवर सिद्ध झालेले नाही. वाटेतल्या ठेचा प्रसिद्ध आहेत. कोणत्याही एका प्रणालीला मर्यादितच लिमिट सायकल असतात, याची द्युलाक यांची १९२३ ची सिद्धता अपुरी असल्याचे इल्याशेन्को यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी एकाल आणि इल्याशेन्को यांनी स्वतंत्रपणे, एकेका प्रणालीपुरत्या मर्यादितपणाच्या सिद्धता मांडल्या. पेत्रोव्स्की आणि लांदिस यांनी १९५० च्या दशकात वर्गी, म्हणजे न = २ च्या, प्रणालींसाठी तीन हा आकडा सांगितला होता. १९७९ मध्ये चिनी गणितज्ञांनी, शी सोंगलिंग यांनी एकीकडे आणि चेन लानसुन व वांग मिंगशू यांनी दुसरीकडे, चार लिमिट सायकल असलेली उदाहरणे दिली.

आर्नोल्ड यांनी प्रश्न आटोक्यात आणला: हॅमिल्टोनियन प्रणालीच्या जवळच पाहा, समाकलाची शून्ये मोजा. १९८४ मध्ये वार्चेंको आणि खोवान्स्की यांनी ही संख्या फक्त घातावर अवलंबून मर्यादित असल्याचे दाखवले, आणि २०१० मध्ये बिन्यामिनी, नोविकोव्ह आणि याकोवेंको यांनी प्रत्यक्ष मर्यादा दिली: दोनचा घात दोनचा घात न ची एक बहुपदी. आकडा प्रचंड आहे, पण आकडा आहे, आणि तो मिळवतानाही मोनोड्रोमीचाच आधार घेतला गेला.

हे यश मला खरोखर मोठे वाटते. पण ते सुट्या शून्यांबद्दल आहे. समाकल सर्वत्र शून्य असेल तर मोजायला सुटी शून्येच नाहीत. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा: कोणत्या हॅमिल्टोनियनवर, कोणत्या वेढ्यावर, कोणते समाकल सर्वत्र गप्प राहते, आणि का? याचाच जुळा प्रश्न: एखाद्या वेढ्याला मोनोड्रोमीने फिरवून सगळे वेढे कधी मिळतात? इल्याशेन्को यांनी १९६९ मध्ये दाखवले की सर्वसाधारण हॅमिल्टोनियनसाठी सगळे मिळतात आणि गप्प समाकल क्षुल्लकच असते. फ्रांसुआझ यांची १९९६ ची, पायरीपायरीने पुढची समाकले काढण्याची रीत याच अटीवर उभी आहे. आपल्या बाहेरच्या वेढ्यावर ती अट मोडते, आणि रीत पहिल्याच पायरीवर अडते.

ह = य² + फ(क्ष) या हायपरइलिप्टिक रूपासाठी, केंद्रावर मिटणाऱ्या वेढ्यांपुरते दोन्ही प्रश्न ख्रिस्तोफर आणि मार्देशिच यांनी २०१० च्या सुमारास सोडवले. त्यांच्या उत्तरात खलनायक एकच आहे, आणि तो आपल्याला भेटलेला आहे: फ एका बहुपदीत दुसरी बहुपदी घालून बनलेली असणे आणि वेढा त्या घडीत मिटून जाणे. या रूपाच्या बाहेर पाऊल टाकले की चित्र धूसर होते.

किती धूसर, हे पाहायला शेजारचे एक उदाहरण पुरे. ह = क्ष·य·(१ − क्ष − य) घ्या. त = ० या पातळीवर तीन रेषांचा त्रिकोण, त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन खोगिरे, आणि आत (१/३, १/३) येथे केंद्र, त = १/२७ वर. स्वतंत्र वेढे चार: केंद्राचा एक, खोगिरांचे तीन. तीनही खोगिरे एकाच पातळीवर असल्यामुळे ० भोवती फिरताना केंद्राच्या वेढ्यात त्या तिघांची बेरीजच मिसळते. चारपैकी दोन दिशा मिळतात, दोन हरवतात.

हरवलेल्या दिशांना बोलणारे समाकलही हाती येते. य(१ − क्ष − य) चे क्ष च्या सापेक्ष समाकल घ्या. पातळी त वर हे फल म्हणजे त/क्ष. त्रिकोणाच्या आत क्ष धनच राहतो, म्हणून क्ष चा लॉगरिदम फेरी मारून मूळ किमतीला परततो आणि समाकल शून्य होते. इथे घडी कुठेही नाही. गप्प राहण्याचे कारण लॉगरिदम आहे. या एकट्या धक्क्याने केंद्र टिकते, कारण ह ला क्ष च्या ल-व्या घाताने गुणले की नवी अचल राशी तयार मिळते. पण असाच धक्का दुसऱ्या गप्प पदाबरोबर मिसळला तर पुढच्या पायऱ्यांवर समाकलाच्या आत समाकल अशी राशी उभी राहते, आणि त्या राशींना बहुपदी समाकलांचे नियम लागू पडत नाहीत. वर्गी प्रणालींच्या अभ्यासात इलिएव्ह यांनी १९९८ मध्ये दाखवले की या त्रिकोणासाठी तिसऱ्या पायरीपर्यंत चढावे लागते.

एका उदाहरणात घडी, दुसऱ्यात लॉगरिदम. मला छळणारा प्रश्न असा की गप्प समाकलामागे याखेरीज आणखी कोणती कारणे असू शकतात. सर्वसाधारण बहुपदी हॅमिल्टोनियनसाठी अशी पूर्ण यादी आज कोणाकडेही नाही. रेषा तीनऐवजी जास्त असल्या, काही समांतर झाल्या, किंवा रेषांच्या जागी वक्र घटक आले तर हरवलेल्या दिशा मोजता येतात. त्या दिशांना बोलणारी प्रत्येक बहुपदी राशी घडीतून किंवा लॉगरिदममधूनच आली आहे का, हे मात्र एकेका हॅमिल्टोनियनसाठी वेगळे तपासावे लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी चार रेषांचे उदाहरण सुचवीन: तिथे खोगिरे सहा, बंद भाग तीन, वेढे एकूण नऊ. केंद्रे एकाच पातळीवर आहेत की वेगवेगळ्या, एवढ्यावरूनच हाती लागणाऱ्या दिशांची संख्या बदलू शकते, आणि पिकार–लेफशेत्झचे कोष्टक एका दुपारी हाताने मांडून होते.